तंबू नदीच्या काठी नको, नदीच्या वर हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्यांचा मोसम आला की पर्यटन पुरवण्यांमध्ये डोंगरातल्या नदीकाठच्या तंबूंची छायाचित्रे दिसू लागतात. बहुतेकांत तंबू पाण्याला अगदी खेटून, वाळूच्या सपाट पट्ट्यावर उभारलेला असतो आणि त्याचे दार प्रवाहाकडे उघडते. छायाचित्र देखणे असते, पण मुक्कामाला याहून वाईट जागा सापडणार नाही. ती वाळू सपाट आहे कारण नदीने ती तिथे अंथरली आहे, आणि जिथे नदी एकदा आली तिथे ती पुन्हा येते. सोयी नसलेल्या तळावरच्या बहुतेक चुका सकाळी निस्तरता येतात. तंबू कुठे लावायचा या निर्णयातली चूक मात्र मध्यरात्री निस्तरता येत नाही. म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहीत आहोत.

सोयी नसलेला तळ म्हणजे जिथे नळ, वीज, कचऱ्याचा डबा आणि रखवालदार यांपैकी काहीही नसते. फार तर एखादा खड्ड्याचा संडास आणि दगडांची चूल असते. मोबाइलला रेंज नसते हे धरूनच चालावे. त्यामुळे कुठे जातो आहोत, कोणत्या वाटेने, परत कधी आणि कोणत्या वेळेनंतर शोध सुरू करायचा, हे घरच्या एका जबाबदार माणसाला लिहून द्यावे. नुसते तोंडी सांगून भागत नाही.

तळावर सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी पोहोचावे. खोल दरीत सूर्य डोंगराआड लवकर जातो, त्यामुळे पंचांगातली सूर्यास्ताची वेळ तिथे उपयोगी पडत नाही. उजेडातले पहिले काम तंबू उघडण्याचे नाही, नदी वाचण्याचे आहे. पुराची रेघ शोधावी. झुडपांच्या फांद्यांत अडकलेले वाळके गवत, काटक्या, प्लास्टिकच्या चिंध्या किती उंचीवर आहेत ते पाहावे. झाडांच्या खोडांवर प्रवाहाकडच्या बाजूला साल सोललेली दिसते का, ते पाहावे. मोठ्या दगडांवर दगडफुलाचे करडे-हिरवे डाग कुठून सुरू होतात तेही बघावे. दगडफूल फार सावकाश वाढते, त्यामुळे ज्या उंचीखाली दगड घासून स्वच्छ झालेले असतात तिथवर पाणी वरचेवर येते असे समजावे. काठावर जुनी झाडे अजिबात नसून सारखी, कोवळ्या वयाची झुडपेच असतील तर तिथली जुनी झाडे पुराने नेली असण्याची शक्यता मोठी. या सगळ्या खुणांच्या वर, नदीच्या वरच्या सपाट पायरीवर, जिथे मुरलेली माती आणि जुनी झाडे आहेत तिथे तंबू लावावा. दरी जितकी अरुंद तितके आणखी वर जावे, कारण अरुंद जागेत पाण्याला पसरायला वाव नसतो आणि ते उभे चढते.

तीन जागा तर मुळीच नकोत. पहिली, पात्रातले बेट किंवा बेटासारखा उंचवटा. पूर येताना समोरचे पाणी वाढण्याआधी अनेकदा मागचे कोरडे, जुने पात्र भरते आणि परतीची वाट तुटल्यावरच धोका लक्षात येतो. दुसरी, वळणाची बाहेरची बाजू. तिथे प्रवाह काठ खालून पोखरतो, वरून जमीन घट्ट दिसत असली तरी. तिसरी जागा सगळ्यांत फसवी: बाजूच्या ओढ्याच्या तोंडाशी पसरलेले पंखाकृती मैदान. ते सपाट, उघडे, सुकलेले असते आणि मुख्य नदीपासून दूरही असते. पण ते बनलेच आहे त्या ओढ्याने आणून टाकलेल्या दगडमातीचे. स्पेनमध्ये पिरेनीज पर्वतातल्या बिएस्कास गावाजवळचा तळ अशाच मैदानावर होता. ७ ऑगस्ट १९९६ च्या संध्याकाळी जोरदार वादळी पावसानंतर अरास ओढ्यातून आलेल्या पाणी-दगडांच्या लोंढ्याने तिथे ८७ माणसांचा बळी घेतला. तो ओढा एरवी किरकोळ असे.

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या अल्बर्ट पाइक तळावर ११ जून २०१० च्या पहाटे माणसे झोपेत असताना लिटल मिसूरी नदी काही तासांत सुमारे २० फूट चढली आणि २० जण दगावले. अशा दरीत रात्री कुणी इशारा दिला तरी तो पोहोचणे अवघड असते. शिवाय पाण्याला खेटून झोपलेल्याला त्या खळखळाटात दूरची गर्जना, सायरन, शेजाऱ्याची हाक, काहीही ऐकू येत नाही. लोक ज्या आवाजासाठी काठावर झोपतात तोच आवाज इशारा झाकून टाकतो.

आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र आहे याला काही अर्थ नसतो. पाऊस वरच्या पाणलोटात पडतो आणि पाणी खाली येते. म्हणून संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक काठी रोवावी किंवा ठळक दगड ठेवावा आणि झोपण्यापूर्वी व रात्री उठल्यावर टॉर्चने तो पाहावा. पाणी गढूळ होणे, पाने-काटक्या तरंगत येणे, तळाशी दगड एकमेकांवर आपटल्याचे दबके ठोके ऐकू येणे, मातीचा उग्र वास येणे, ही सारी निघण्याची चिन्हे आहेत. पाणी अचानक कमी झाले तर बरे वाटून घेऊ नये. वर कुठे तरी दरड कोसळून प्रवाह अडला असेल तर तो अडथळा फुटतो तेव्हा सगळे पाणी एकदम येते.

निघायचे म्हणजे सरळ वर, डोंगराच्या अंगाने. रस्त्याने खाली गाडी पळवायची नाही, कारण दरीतला रस्ता बहुतेक वेळा नदीच्या सोबतीनेच उतरतो. कोलोरॅडोतल्या बिग थॉम्पसन दरीत ३१ जुलै १९७६ च्या पुरात १४० हून अधिक लोक गेले. त्यांतले अनेक जण गाडीने पुराच्या पुढे निघू पाहत होते. त्यानंतर तिथल्या दऱ्यांत ‘पूर आला तर वर चढा’ अशा अर्थाच्या पाट्या लावल्या गेल्या. चढण्याची वाट उजेडात एकदा चालून पाहावी. बूट आणि टॉर्च उशाशी असावेत, गाडी तोंड बाहेरच्या दिशेला करून उंचावर उभी करावी. तंबू, पिशव्या, भांडी तिथेच सोडून द्यायची. वाहते पाणी घोट्याच्या थोडे वर, म्हणजे १५ सेंटिमीटर असले तरी वेगात ते उभ्या माणसाला पाडू शकते. ३० सेंटिमीटर पाणी लहान गाडी उचलू शकते आणि ६० सेंटिमीटर पाण्यात बहुतेक गाड्या वाहून जातात. तळावर यायला पात्र ओलांडावे लागत असेल तर एका दिवसाचा जादा शिधा बरोबर ठेवावा. अडकल्यास थांबावे. लहान पाणलोटाचा पूर जसा झटकन चढतो तसा पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत उतरतोही.

वर धरण असेल तर गणितच बदलते, कारण तिथे पाणी वाढायला पाऊसही लागत नाही. हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी ८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. पात्रातल्या खडकांवर पाण्याची ओली रेघ असेल आणि सध्याचे पाणी त्याच्या बरेच खाली असेल, तर नदी रोज चढते-उतरते असे समजावे. बर्फावर पोसलेल्या नद्यांचे वेळापत्रक वेगळे असते: पहाटे पाणी सर्वांत कमी आणि दुपारनंतर, कधी कधी संध्याकाळी उशिरा, सर्वांत जास्त. दुपारी चारला कोरडी वाटलेली वाळू रात्री आठला पाण्याखाली असू शकते.

उंचीवर तंबू लावण्याचा एक फायदा पुराशी संबंधित नाही. रात्री डोंगरउतारावरची हवा थंड होऊन जड होते आणि घरंगळत दरीच्या तळाशी साठते. त्यामुळे नदीकाठी थंडी जास्त आणि दमटपणाही जास्त. वरची पायरी थोडीच उंच असली तरी तिथली रात्र स्पष्टपणे उबदार असते. काठावरच्या तंबूत सकाळी आतून पाणी ठिबकते तेव्हा लोक तंबूला दोष देतात. ते बहुधा आपल्याच श्वासातले बाष्प असते. दोन्ही टोकांच्या झडपा थोड्या उघड्या ठेवल्या की बराच फरक पडतो. पांघरुणाइतकेच महत्त्व अंगाखालच्या अंथरुणाला आहे. झोपण्याच्या पिशवीतले तंतू अंगाच्या वजनाखाली दबतात आणि दबलेल्या भागातून जमीन उष्णता ओढून घेते. म्हणून खाली फोमची मॅट हवीच. तंबूखालची चादर तंबूच्या कडेबाहेर डोकावता कामा नये, नाहीतर ती पावसाचे पाणी गोळा करून थेट अंगाखाली आणते.

जागा ठरली की मान वर करून पाहावे. वाळलेली, तुटून लोंबकळणारी फांदी वारा नसतानाही पडू शकते. कड्याखाली ताज्या, धारदार कडांचे दगड पडलेले दिसले तर तिथे थांबू नये. दगडगोट्यांच्या जमिनीत खुंट्या धरत नाहीत. तिथे तंबूचा दोर एका जाड काठीला मधोमध बांधावा, काठी जमिनीवर आडवी ठेवावी आणि तिच्या आतल्या बाजूला, दोरावरच, दहा-बारा किलोचा दगड ठेवावा. दोर ताणला गेला की काठी दगडाला अडते. वाळूत हीच काठी आडवी पुरावी, हातभर खोल. साध्या मातीत खुंटी तंबूपासून बाहेर कललेली ठोकावी.

आता नदीच्या बाजूने. तंबू, शौच, अंघोळ, भांडी, या सगळ्यांसाठी एकच अंतर लक्षात ठेवावे: पाण्यापासून किमान ६० मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तर-ऐंशी लांब पावले. पुरापासून उंची वाचवते आणि नदीला आपल्यापासून हे अंतर वाचवते. वरची पायरी शोधणाऱ्याला दोन्ही गोष्टी बहुधा एकाच जागी मिळतात, म्हणून ही मेहनत वाया जात नाही.

संडास नसेल तर १५ ते २० सेंटिमीटर खोल आणि वीतभरापेक्षा कमी रुंद खड्डा काळसर, भुसभुशीत मातीत खणावा. त्याहून खोल खणण्यात अर्थ नाही. मैला कुजवणारे जीव मातीच्या वरच्या थरातच जास्त असतात. वाळूत ते फारसे नसतात, म्हणून वाळूत पुरलेले तसेच राहते आणि पहिल्या पुरात नदीत जाते. जिथे निव्वळ वाळू-गोटे आहेत तिथे मैला बंद पिशवीतून परत नेणे एवढाच प्रामाणिक मार्ग उरतो. ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड, डायपर कुठल्याही मातीत पुरू नयेत. ओल्या टिश्यूंत बहुधा प्लास्टिकचे धागे असतात आणि जनावरे हे सगळे उकरून काढतात. खणायला लहान खुरपे घ्यावे आणि खड्ड्याची जागा दिवसाच हेरून ठेवावी. अंधारात घाईने निघालेला माणूस साठ मीटर जात नाही. नंतर हात साबणाने धुवावेत, तेही पाण्यापासून तेवढ्याच अंतरावर. तळावर पोट बिघडले की दोष नदीला दिला जातो, पण एकाच भांड्यातल्या खाऊत सगळ्यांनी घातलेले न धुतलेले हात हे तितकेच नेहमीचे कारण आहे.

‘विघटनशील’ असे लिहिलेला साबण नदीत चालतो हा समज सोडावा. तो विघटित व्हायला माती लागते. पाण्यात तो माशांच्या कल्ल्यांना आणि पाण्यातल्या किड्यांना त्रास देतो. भांडी आधी पुसून घ्यावीत, खरकटे कचऱ्याच्या पिशवीत टाकावे आणि धुण्याचे पाणी फडक्याने गाळून दूर मातीवर पसरून टाकावे. अंगाला सनस्क्रीन किंवा डास पळवणारे मलम लावून डोहात उतरणे हेही त्याच प्रकारचे प्रदूषण आहे.

पिण्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी शुद्ध करूनच प्यावे. ते तळाच्या आणि जनावरे पाणी पितात त्या जागेच्या वरच्या अंगाला, वाहत्या धारेतून भरावे. उकळणे हा सगळ्यांत भरवशाचा उपाय आहे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि २,००० मीटरच्या वर तीन मिनिटे, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते. ०.१ ते ०.२ मायक्रॉन छिद्रांचा फिल्टर जिवाणू आणि जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम यांसारखे परजीवी अडवतो, विषाणू मात्र त्यातून निसटतात. म्हणून वर वस्ती असेल तर गाळलेले पाणी उकळावे. बारीक नळ्यांचा फिल्टर एकदा वापरून ओला झाला आणि रात्री गोठला तर नळ्या तडकतात. बाहेरून काही दिसत नाही, पाणी पूर्वीसारखेच येते, पण फिल्टर निकामी झालेला असतो. थंडीत तो पिशवीत बंद करून अंथरुणात घेऊन झोपावे. साध्या क्लोरीनच्या गोळ्यांनी क्रिप्टोस्पोरिडियम मरेलच असे नाही. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्यांना त्यासाठी चार तास लागतात आणि पाणी थंड वा गढूळ असेल तर त्यांचा गुण उशिराने येतो. गढूळ पाणी आधी भांड्यात निवळू द्यावे, वरचे पाणी फडक्यातून गाळावे, मग पुढची प्रक्रिया करावी. कच्च्या आणि शुद्ध पाण्याची भांडी वेगळी, खूण केलेली असावीत. बाटलीच्या आट्यांत राहिलेला कच्च्या पाण्याचा थेंबही पुरेसा असतो. पिणे आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला तीन-चार लिटर लागते, त्या हिशेबाने इंधन न्यावे.

स्वयंपाकाला स्टोव्ह बरा. तो किंवा निखाऱ्यांची शेगडी तंबूच्या आत कधीही नको, थंडी कितीही असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आधी डोके दुखते, मग मळमळते आणि मग जाग येत नाही. शेकोटी करायचीच तर असलेल्या चुलीतच करावी. खाली पडलेली, वाळलेली, मनगटाहून बारीक लाकडे वापरावीत. नदीतले गोटे चुलीला लावू नयेत. त्यांच्या भेगांत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि दगड फुटून कपच्या उडतात. शेकोटी विझवताना वाळू टाकून झाकू नये. झाकलेले निखारे कित्येक तास धगधगत राहतात आणि त्यावर दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी अनवाणी पाय पडतो, बहुधा लहान मुलाचा. पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे आणि हाताला राख गार लागेपर्यंत हेच करावे. प्लास्टिक आणि चांदीचे कागद शेकोटीत पूर्ण जळत नाहीत, ते परत न्यायचे. खाद्यपदार्थ आणि वासाच्या वस्तू तंबूत ठेवू नयेत, अस्वलांच्या प्रदेशात तर तंबूपासून १०० मीटर दूर ठेवाव्यात.

पात्र ओलांडण्याची वेळ आलीच तर पाणी वेगात असून गुडघ्याच्या वर जात असेल तेव्हा परत फिरावे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट होतो. अरुंद जागी पाणी खोल आणि वेगवान असते, म्हणून रुंद, पसरलेली जागा निवडावी. बूट पायात ठेवावेत, पाठपिशवीचे कमरेचे आणि छातीचे बंद सोडावेत, तोंड वरच्या अंगाला करून काठीच्या आधाराने आडवे सरकावे. वाहून गेल्यास पाठीवर होऊन पाय पुढे, वर ठेवावेत आणि वेगवान पाण्यात उभे राहायचा प्रयत्न करू नये. दोन दगडांत पाय अडकला की प्रवाह माणसाला तोंडघशी दाबून धरतो. पोहता येणाऱ्यांनीही डोंगरातल्या गार डोहात उडी मारू नये. थंड पाण्याचा धक्का बसताच पहिल्या मिनिटात आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो आणि तोंड पाण्याखाली असेल तर तेवढ्याने जीव जातो. मुले पाण्याजवळ असताना एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवा, आणि त्या माणसाने दारू घेतलेली नसावी.

संपादक महोदय, आपल्याला विनंती अशी, की पाण्याच्या कडेला तंबू दाखवणारी छायाचित्रे पुरवणीत छापू नयेत, वरच्या पायरीवरची छापावीत. तळाविषयी लेख येईल तेव्हा आपल्या प्रतिनिधीने तिथल्या चालकाला चार प्रश्न विचारून त्यांची उत्तरे लेखाबरोबरच चौकटीत द्यावीत: वर धरण आहे का आणि पाणी सोडण्याआधी सूचना कशी मिळते, मागचा मोठा पूर कुठवर आला होता, रात्री वर चढायची वाट कोणती, आणि मैल्याची व कचऱ्याची व्यवस्था काय. चालकाला उत्तरे देता आली नाहीत तर तेही छापावे.

आपले,
डोंगरात नदीकाठी मुक्काम करणारे काही वाचक